पहिलं पाऊल कुणी बघितलं

"बाबा, तुम्ही तिला आज घालवणार की नाही? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा!"

मालन धुनीपुढं उभी राहून बोलत होती. टेकडीच्या पायऱ्या तिनं एका दमात चढल्या होत्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. कडेवर तिचा बिरू होता, वर्ष कधीच उलटून गेलेला, गुटगुटीत, आणि दोन्ही गालांवर तीट लावून काळाभोर केलेला.

सांबनाथबाबांनी चिमट्यानं धुनीतला एक निखारा उलटा केला.

"कुणाला घालवू?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुणाला."

"नाव नाही का तिला?"

मालननं नाव घेतलं नाही. नाव घेतलं तरी बाधतं, असं वाडीतल्या बायका म्हणायच्या. तिनं नुसती हनुवटी उंबराकडं उडवली.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, चार ढांगांवर म्हणा ना, उंबराचं जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी एक बाई सगळ्या जगाकडं पाठ करून पत्रावळी लावत बसली होती. पळसाचं पान घ्यायचं, दुसरं त्यावर ठेवायचं, काडी टोचायची. पुन्हा पान.

ती येसाक्का.

लहानपणी तिला देवी आल्या आणि जाताना उजव्या डोळ्यात फूल ठेवून गेल्या. बुबुळावर पांढराशुभ्र ठिपका. तेवढ्या ठिपक्यापायी नवऱ्यानं टाकली, भावानं उंबऱ्याबाहेर काढली. वाडीत कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोर तापलं, की बायांची बोटं तिच्याकडंच वळायची. शेवटी बाबांनी तिला मठात जागा दिली. तेव्हापासून मठाची झाडलोट तिची, भंडाऱ्याच्या पत्रावळीही तिच्याच.

पायऱ्यांवर लेकराचा आवाज आला, की ती आपण होऊन तोंड फिरवायची आणि ओरडून सांगायची, "पाठ केलीय गं! जा बिनघोर!"

आजही तिनं तसंच सांगितलं होतं. तरी मालननं पोराचं तोंड पदराखाली कोंबलं होतं आणि अंग चोरून पुढं आली होती. बिरू मात्र पदराच्या फटीतून त्या पाठीकडं बघून खुदकन हसला होता.

"कुक!"

घरी त्याची आजी तोंडावर पदर घेऊन असंच खेळायची. मालननं त्याचा गाल धरून मान इकडं वळवली होती.

"उद्या भंडारा आहे बाबा," मालन म्हणाली. "वाडीतल्या सगळ्या लेकुरवाळ्या इथं येणार. तुम्ही पोरांना विभूती लावणार. आणि ती इथंच बसणार? बायांनी मला पुढं केलंय. म्हणाल्या, तू बाबांची माळ घातलीस, तुझा शब्द बाबा मोडायचे नाहीत."

"माळ घातलीस खरी."

"घातलीय! गुरुवार कधी चुकवला नाही. तुम्ही दिलेलं वचन रोज दिवा लावताना म्हणते. 'घट निराळे, दिवा एक.' एक दिवस खाडा नाही."

"पाठ आहे म्हणायचं."

"तोंडपाठ!"

बाबा गालात हसले.

टेकडीखाली हलगीवाले आले होते. उद्यासाठी हलग्या जाळावर तापवून, थाप मारून बघत होते. कड्कड्, कड्कड्. त्या ठेक्यावर कडेवर बसलेल्या बिरूचे पाय उडू लागले. मालनच्या पोटावर नुसत्या लाथा.

"पाय चांगले चालतात की याचे," बाबा म्हणाले.

मालनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कडेवर चालतात हो! भुईवर नाही ना! याच्या मागनं जन्मलेली पोरं गल्लीभर धावतात. हा अजून एक पाऊल टाकत नाही. तालुक्याच्या डॉक्टरला दाखवला. तो म्हणतो, पायात काही दोष नाही. मग दोष कशात आहे? सांगा ना! पाचवीच्या दिवशी ही बया आमच्या दारावरनं गेली होती. सासूबाईंनी बघितलं. तिनं वळून आत बघितलं होतं, बाबा. त्या डोळ्यानं!"

उंबराखाली पानात काडी टोचायचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"मग तू काय केलंस?"

"काय करायचं ठेवलं? मनगटात काळा दोरा बांधला. गळ्यात बिब्बा घातला. तळपायालासुद्धा तीट लावते. रोज तिन्हीसांजेला मीठमोहरी उतरून टाकते. आणि…" मालननं पोराला आणखी घट्ट धरलं. तिच्या आवाजात आता रडू कमी आणि ताठा जास्त होता. "आणि त्या दिवसापासून याला भुईवर ठेवला नाही. माझ्या कडेवरनं सासूबाईंच्या कडेवर, त्यांच्या कडेवरनं झोळीत. तिची सावली पडलेल्या मातीला याचा पाय लागू दिला असेल, तर शपथ!"

"झोळीत काय करतो?"

"दोरी धरून उभा राहतो. नाचतो. पण पाऊल? पाऊल म्हणून टाकत नाही!"

बाबांनी धुनीत फुंकर घातली.

"असं गप्प बसू नका बाबा! काळीज फाटतंय माझं. हा उभ्या जन्मात चाललाच नाही तर? काखेत धरून किती दिवस पुरेन मी?"

बाबांनी चिमटा बाजूला ठेवला. धुनीच्या कडेची राख हातानं सारखी केली.

"बरं," ते म्हणाले. "दृष्ट काढू."

मालनचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. आजवर किती बायांनी विनवण्या केल्या होत्या, पण बाबांनी कुणाची दृष्ट काढली नव्हती. असलं काही विचारलं की ते उठून झाडांना पाणी घालायला जायचे.

"तुम्ही काढणार? खरंच?"

"काढणार. आणि काढल्यावर तू म्हणशील तसं करणार. येसा जाऊ दे म्हणालीस, तर ती आजच टेकडी उतरेल. राहू दे म्हणालीस तर राहील." बाबांनी मान वळवून हाक दिली. "येसा! ऐकलंस?"

"ऐकलं, बाबा."

"गाठोडं बांधून ठेव."

"काय बांधायचंय त्यात. एक लुगडं, एक वाटी." येसाक्का पाठमोरीच बोलत होती. "पत्रावळी तेवढ्या पुऱ्या करून जाते. उद्या माणसं जेवायची कशात?"

तिनं बसल्या जागेवरून हात लांबवून लुगड्याचं बोचकं ओढलं, गाठ मारली आणि शेजारी ठेवलं. पुन्हा पान घेतलं.

मालनला क्षणभर कसंसंच झालं. पण क्षणभरच. आज सुटका होणार! उद्या भंडाऱ्याला आपला बिरू सगळ्या पोरांत… तिला पुढचं चित्र दिसायलाही लागलं.

तिनं कमरेची पुरचुंडी सोडली. मीठ, मोहरी आणि देठासकट लाल मिरच्या. घरूनच आणल्या होत्या, न जाणो.

"ही घ्या. याला तुमच्यापुढं धरू? का मांडीवर घेता?"

"थांब. मला एक सांग. दृष्ट निघते कुठनं?"

"डोळ्यातनं. कुणालाही विचारा."

"मग डोळ्यावरनंच उतरायला हवी."

"तेच तर!" मालन जवळजवळ उडालीच. "तिच्याच डोळ्यावरनं उतरा! मुळावरच घाव! हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बोलवा तिला!"

बाबांनी मीठमोहरी मुठीत घेतली. वर मिरच्या धरल्या. आणि समोरच्या घोंगडीकडं बोट केलं.

"बस."

"मी?"

"तू."

"माझ्यावरनं? मला कुणाची लागलीय बाबा? मी तर…"

"बस, पोरी."

मालन बसली. गुरूनं सांगितल्यावर बसायचं, एवढं तिला कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं.

"पोराला खाली ठेव."

"खाली?"

"काखेत पोर असताना आईवरनं उतरलं, तर ते पोरावर जातं. माहीत नाही?"

हे मालननं कधीच ऐकलं नव्हतं. पण असल्या बाबतीत न ऐकलेलंच जास्त खरं वाटतं. ती घाबरली. तिनं आधी उंबराकडं बघितलं. पाठ होती. मग बिरूला हळूच, तापल्या तव्यावर ठेवावा तसा, घोंगडीवर ठेवला. त्याच्या अंगड्याचं टोक मात्र मुठीत धरून ठेवलं.

"दोन्ही हात जोड."

"एक हात राहू दे ना बाबा…"

"एका हातानं नमस्कार कुणी केलाय?"

अंगड्याचं टोक सुटलं.

"डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

मालननं डोळे मिटले. इतके घट्ट, की पापण्या दुखायला लागल्या. खाली हलगी आता रंगात आली होती. कड्कड् कड्, कड्कड् कड्. बाबांची मूठ तिच्या डोळ्यांपुढून फिरत होती. ती दिसत नव्हती, पण मिरच्यांचा वास नाकाशी येत होता, जात होता.

"आल्याची, गेल्याची…" मालन सवयीनं पुटपुटायला लागली.

"गप्प."

तडतड मोहरी उडाली. मिरच्या धुनीत पडल्या. मालननं नाक पुढं केलं आणि वाट बघत राहिली. जगातल्या कुठल्याही आईला ठाऊक असतं, की मिरच्या जळताना ठसका लागला तर दृष्ट नव्हती. आणि नाही लागला…

ठसका आला नाही. वारं टेकडीवरून खाली वाहत होतं.

"बघा!" मालन डोळे मिटूनच ओरडली. "आला का ठसका? नाही ना? केवढी दृष्ट होती बाबा! केवढी!"

"केवढी…" बाबा म्हणाले.

"तरी मी म्हणत होते! बायांनाही सांगत होते! आता तरी पटलं का तुम्हाला? या डोळ्याला इथं ठेवणं म्हणजे…"

"कुक!"

आवाज घोंगडीवरून आला नव्हता. उंबराकडनं आला होता.

"अगं मालन! घे गं त्याला! मी नाही बघत! अगं, धर की कुणीतरी!"

येसाक्काची किंकाळी होती ती.

मालननं डोळे उघडले. बाबांनी सांगितलं नव्हतं, तरी उघडले.

घोंगडी रिकामी होती.

अंगणाच्या पार त्या टोकाला, उंबराच्या सावलीत, तिचा बिरू उभा होता. कशालाही न धरता. दोन्ही हात पसरलेले, पोट पुढं, पाय फाकलेले. मागून हलगी वाजत होती आणि तो डुलत होता. मग त्यानं एक पाय उचलला. टाकला. दुसरा उचलला. टाकला. आणि धपकन येसाक्काच्या पाठीवर आदळून तिच्या पदराला लोंबकळला.

"कुक! कुक!"

येसाक्कानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. जितकी ती झाकायची, तितका तो खदखदून हसत तिच्या बोटांत बोटं घालायचा.

"घे गं याला! आईची आण, मी नाही बघितलं! पाठच होती माझी!"

मालन धावली. पोराला ओढून घ्यायलाच धावली होती ती. अर्ध्या अंगणात आली आणि तिचे पाय जागीच थांबले.

तिनं मागं घोंगडीकडं बघितलं. पुढं उंबराकडं बघितलं. मधलं सगळं अंगण बघितलं.

"बाबा, हा इथनं तिथं गेला."

"गेला खरा."

"चालत गेला! बाबा, चालला! माझा बिरू चालला!" तिनं दोन्ही हातांनी स्वतःचे गाल धरले. ती हसत होती, रडत होती, काय करावं ते तिला सुचत नव्हतं. टेकडीच्या कडेला जाऊन ती खाली ओरडली, "अहो हलगीवाले! चालला हो! वाजवा!" खालच्यांना काय कळलं कोण जाणे, पण हलगी दुप्पट वाजायला लागली.

ती तशीच उंबराखाली आली. बिरू आता बोचक्यावर चढून बसला होता, घोड्यावर बसावं तसा. तिनं त्याला उचललं. छातीशी धरलं. पटापटा मुके घेतले.

बिरू हात लांब करून येसाक्काच्या पदराकडं झेपावत होता. तोंड वेडंवाकडं करून रडत होता.

मग मालन वाकली. आणि त्याला भुईवर ठेवलं. मातीत. येसाक्काच्या अगदी पुढ्यात.

येसाक्का अजून तोंड झाकूनच बसली होती. मालननं ते बोचकं जवळ ओढलं, दातांनी गाठ सोडली, आतली वाटी काढून बिरूच्या हातात खेळायला दिली. तो ती दगडावर बडवायला लागला.

एवढं झालं आणि मालनला एकदम आठवलं. तिनं कपाळावर हात मारला.

"अगंबाई! पाऊल कुठलं?"

त्यांच्या घरची रीतच होती तशी. पोरानं जे पाऊल पहिल्यांदा टाकलं, त्या पायाला आईनं कुंकू लावायचं, त्याच पायाच्या अंगठ्यावर साखर ठेवून ती आपण खायची. घरी पोचल्या पोचल्या सासू तेच विचारणार. उजवं की डावं? पडला का? रडला का? हसला का? आणि आईला माहीत नाही! इतके महिने जे एक पाऊल बघायला तिचा जीव टांगणीला लागला होता, ते पडलं तेव्हा ती डोळे मिटून बसली होती.

ती धुनीकडं धावत आली.

"बाबा, कुठलं पाऊल आधी टाकलं? तुम्ही इथंच होता ना? आपला आपण उठला, का घोंगडी धरून उठला? उजवंच होतं ना? सांगा ना!"

बाबांनी चिमटा पुन्हा हातात घेतला होता.

"मी मिरच्यांकडं बघत होतो, पोरी."

मालननं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. मठात कुणी नव्हतं. अंगणात तिघंच होती. त्यातली एक डोळे मिटून बसलेली, आणि एक मिरच्यांकडं बघत असलेला.

ती पुन्हा उंबराखाली गेली. येसाक्काच्या समोर जाऊन, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. जन्मात पहिल्यांदा ती तिच्यासमोर अशी बसली होती.

"अक्का…"

येसाक्काचे हात तोंडावरच राहिले.

"अक्का, तुम्ही बघितलंत ना? त्याचा आवाज ऐकून वळला असाल. थोडं तरी वळला असाल ना? उजवं होतं का डावं?"

"नाही गं, माय." हातांआडून आवाज आला. "नाही बघितलं. कुणाच्याच पोराला बघत नाही मी. तुझ्या पोराला बघीन का? जाते मी. पत्रावळी झाल्या की जातेच."

"मी रागानं विचारत नाही हो! तुमच्या पाया पडते. आठवून सांगा."

"नाही बघितलं."

"अक्का!"

"आईची आण, नाही बघितलं."

खाली हलगी वाजतच होती. बिरूनं वाटी टाकून दिली, येसाक्काचा गुडघा धरून तो उभा राहिला, आणि तिच्या तोंडावरचं एक बोट त्यानं ओढून बाजूला केलं.

मालननं मान वळवली.

"बाबा, या म्हणतात, यांनी बघितलंच नाही."

बाबांनी धुनीत एक लाकूड सरकवलं. जाळ उजळला.

"मग देवाजवळ एवढंच माग, पोरी… की ती खोटं बोलत असावी."